सावकाश उघडणारा चाकू

१० सप्टेंबर. उद्यापासून अळ्या नव्या झाडांवर न्यायच्या, म्हणून आज केंद्रातल्या सगळ्या कात्र्या, विळे आणि चाकू काढून धार लावणे, तेल घालणे. हे काम मी कोणावर सोपवत नाही. तेल कमी पडलं तर गंज चढतो, जास्त झालं तर ते पानाला लागतं, आणि तेल लागलेलं पान अळी खात नाही.

दुपारपर्यंत उरकलं. हात तेलाचे होतेच, म्हणून टेबलाच्या खालच्या खणातला तो घडीचा चाकूही काढला. सहा वर्षं तो तिथे एका जुन्या मोज्यात पडून होता. मुठीच्या फटीत दोन थेंब तेल सोडलं, फडक्यानं पुसला आणि मुठीवरचा खटका दाबला. खट् करून पातं बाहेर आलं.

मी चाकू हातात धरून तशीच उभी राहिले. या चाकूचा हा आवाज मी पूर्वी एका सकाळी झाडाखाली ऐकला होता. तो पुन्हा होऊ नये म्हणून एका माणसानं आठ महिने घालवले होते, आणि मी दोन थेंबांत ते सगळं पुसून टाकलं होतं.

खटक्याचा चाकू खटकन उघडला तर बिघडलं काय, असं कोणी विचारील. त्यासाठी ज्यांचा चाकू त्यांच्याबद्दल सांगावं लागेल. नाव लिहीत नाही. नाव कागदावर आलेलं त्यांना खपत नसे. "कागदावर गेलं का माणूस कमी होते," म्हणायचे. हजेरीपटावर अंगठा देत. लिहिता-वाचता येत होतं, तरी अंगठाच. फळ्यावर खडूनं लिहिलेलं मात्र चालायचं, कारण ते पुसता येतं.

आमचं केंद्र कोशाचं आहे. कुरखेड्याच्या पुढे, रानाला लागून ऐनाची जुनी झाडं आहेत. त्यांवर रेशमाच्या अळ्या वाढवायच्या आणि कोसे, म्हणजे रेशमाचे कोश, झाले की उतरवायचे. अळी हिरवीगार, शेवटी शेवटी अंगठ्याहून जाड. एका झाडाची पानं संपली की तिला दुसऱ्या झाडावर न्यावं लागतं, आणि सगळी कला त्यातच आहे. ही अळी डहाळीला इतकी घट्ट धरते की ओढली तर तिचे पाय तुटतात. म्हणून अळीला हात लावायचा नाही. ती बसली आहे ती डहाळीच हळूच कापायची आणि अळ्यांसकट नव्या झाडाच्या बेचक्यात ठेवायची.

त्यांच्या घरात हे काम आज्याच्या आज्यापासून चालत आलेलं. केंद्रात ते रोजंदारीवर होते. मी चौदा वर्षांपूर्वी प्रभारी म्हणून आले तेव्हा त्यांनी साठी ओलांडली असावी. बुटके, काटक, पायाची बोटं फाकलेली, कमरेला करदोडा आणि करदोड्याला तो चाकू. अळ्यांना ते 'तुमी' म्हणत आणि माणसांना 'तू', मग माणूस कोणीही असो. एकदा नागपूरहून मोठे साहेब तपासणीला आले आणि झाडाखाली उभं राहून मोठ्यानं फोनवर बोलू लागले. वरून आवाज आला, "तू जरा तिकडं जा न बावा. हे जेवून राह्यले." साहेब गेले. मीही त्यांच्याबरोबर गेले, कारण कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "वयस्कर आहेत सर." साहेब म्हणाले, "नाही नाही, त्यांचं बरोबरच आहे," आणि कुंपणापलीकडे उभं राहून त्यांनी उरलेलं बोलणं कुजबुजत पुरं केलं.

हे 'जेवून राह्यले' म्हणजे त्यांचं सगळं शास्त्र. अळ्या पानं खातात तेव्हा बारीक आवाज येतो, सुपात तांदूळ सावकाश हलवावेत तसा. फांदीला कान लावला की स्पष्ट ऐकू येतो. ते दिवसातून दहा वेळा कान लावत. जेवण चालू असलं की जगात सगळं ठीक. थांबलं की काहीतरी चुकलं, आणि ते आधी शोधायचं, मग बाकीचं.

माझा स्वतःचा निकालही असाच लागला होता. कोसा पाळणाऱ्या घरांत जुना नेम आहे. पीक झाडावर असताना माणसं दाढी करत नाहीत, मांसमच्छी खात नाहीत, आणि बाईनं त्या झाडांत पाय ठेवायचा नसतो. मी तर पिकाची प्रभारीच बाई. पहिल्या सकाळी नऊ कामगार मांडवात आपापल्या पायांकडे बघत बसले होते. मी म्हटलं, मी आत जाते आहे, कोणी वाट दाखवणार का? कोणी हललं नाही. तेव्हा हे उठले, पुढे निघाले, मी मागे. एका ऐनाशी मला उभं केलं, म्हणाले, "इथी राह्य. बोलू नोको." आणि स्वतः फांदीला कान लावला. बराच वेळ. मला वाटलं, हा काहीतरी मंत्रबिंत्र असणार. मग ते मांडवाकडे तोंड करून म्हणाले, "जेवण नाई सोडलं त्यायनं. ज्यायच्या घरी आली त्यायले चालते, त आपण कोण होय बोलणारे?"

नेम तिथे मिटला. आज आमच्याकडे चार बायका कामाला आहेत आणि कोणाला त्यात विशेष वाटत नाही.

त्यांच्याकडे एक गुलेल होती, पाखरं हाकायला. तिच्यात खडा कधी घालत नसत. रबर ताणून नुसतं सोडायचे, कावळे उडून जायचे. मी विचारलं, तर म्हणाले, "कावळ्याले खडा नाई दिसत, हात दिसते." कात्री मात्र त्यांनी कधी धरली नाही. खात्यानं दिलेल्या चांगल्या स्टीलच्या कात्र्या होत्या. त्यांचं म्हणणं, कात्री दोन्ही बाजूंनी चावते, डहाळी चेंगरते, रस निघतो आणि रसामागं मुंग्या येतात. मी दोन्ही प्रकारे कापून पाहिलं. मुंग्यांचं खरं निघालं.

आता चाकूकडे येते. झाडावर हे असे बसत: डाव्या कोपरात फांदी, डाव्याच बोटांत कापायची डहाळी, उजवा हात चाकूला. चाकू घडीचा, कारण उघडा चाकू कमरेला लावून चढायचं नाही हे त्यांची मांडी एकदा शिकली होती. मग एका हातानं घडी उघडायची कशी? ते दातांनी उघडत. पात्याला नख लावायची खाच असते, ती पुढच्या दातांत धरायची आणि मूठ खाली ओढायची. चाळीस वर्षं असंच चाललं. एका उन्हाळ्यात पुढचे उरलेले दोन दात गेले.

मी म्हटलं, कवळी बसवा. ग्रामीण रुग्णालयात शिबिर होतं, मीच गाडीवरून घेऊन गेले. कवळी छान बसली. ते आरशात बघून म्हणाले, "हा कोण होय?" पावसाळ्यात पहिल्यांदा कवळी घालून झाडावर चढले, चाकू दातांत धरला, मूठ ओढली. चाकू बंदच राहिला आणि कवळी बाहेर आली. खाली गुडघाभर गवत. आम्ही पाच जण काठ्यांनी गवत सारत अर्धा तास कवळी शोधत होतो आणि ते वरून दिशा सांगत होते, "डावीकडं. तुयी डावीकडं नाई, मायी." बोळक्यानं बोललेलं नीट कळेना आणि आम्हाला हसू आवरेना. कवळी सापडली. ती त्यांनी धुऊन खिशात ठेवली आणि पुढे फक्त लग्नांना घातली.

त्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी ते पडले. चाकू दोन्ही हातांनी उघडायला त्यांनी डावं कोपर क्षणभर सोडलं होतं. पडले ते वारुळावर, म्हणून खांद्याच्या हाडावर भागलं. अळ्यांची डहाळी त्यांनी पडतानाही वर धरली होती, असं पाहणारे सांगतात. माझा यावर विश्वास नाही. मी पोचले तेव्हा डहाळी त्यांच्या पोटावर होती आणि ते अळ्या मोजत होते.

केंद्राच्या पडवीत फळा आहे. त्यावर तीन रकाने: झाड, जमीन, गोदाम. रोज सकाळी मी कोणाचं काम कुठे ते लिहिते. खांद्याचं प्लॅस्टर निघाल्यावर ते कामावर आले, तेव्हा मी त्यांचं नाव गोदामात लिहिलं. तिथे बसून काम. कोशांची राखण, उंदीर-घुशींवर लक्ष.

ते फळ्यासमोर उभे राहिले. "हे कोणाचं नाव होय?"

"तुमचं, भाऊ."

"मी गोदामात काय करू?"

"बसायचं."

"बसाले मी घरी बसतो. झाडावर काऊन नाई?"

मी सरळ सांगितलं. चाकू उघडायला फांदी सोडावी लागत असेल, तर झाडावर जायचं नाही. पुन्हा पडलात तर मान मोडेल. माझ्या जबाबदारीवर मी कोणाची मान मोडू देणार नाही. ते म्हणाले, म्हातारपण नाही, चाकू आडवा येऊन राह्यला. मी म्हटलं, काहीही असो. फांदी न सोडता चाकू उघडून दाखवा, त्या दिवशी नाव झाडावर लिहीन.

"फळ्यावर लिवशील?"

"फळ्यावर लिहीन."

त्यांनी मान हलवली आणि अंगठ्यानं गोदामातलं आपलं नाव पुसलं. मी पुन्हा लिहिलं. महिनाभर हे चाललं. सकाळी मी लिहायचे, ते येऊन पुसायचे, आणि मग गुमान गोदामात जाऊन बसायचे. झाड न मिळालेला हा माणूस त्या काळात कसा दिसे ते मला आवडत नव्हतं, पण मी नाव बदललं नाही. जेवणाचा डबा अर्धा परत जायचा. झाडांकडे तोंड करून बसायचे नाहीत, भिंतीकडे करून बसायचे.

मग माझ्या टेबलावरची पेनं बिघडू लागली. टिकटिक करणारी पेनं, दाबली तरी रिफील बाहेर येईना. उघडून पाहिलं तर आतली स्प्रिंग गायब. विचारलं तेव्हा त्यांनी शांतपणे चाकू दाखवला. मुठीत कानशीनं खोबण केली होती, वर दाबायचा खटका बसवला होता आणि खोबणीत माझ्या तीन पेनांच्या स्प्रिंगा. "कमजोर हाय," म्हणाले. "लिवाच्या कामाची वस्तू. पातं कशाले उचलंन?" मी म्हटलं, मग परत करा. म्हणाले, आता त्या वाकल्या.

पुढे टॉर्चची स्प्रिंग झाली. सायकलच्या कॅरिअरची तर फारच जोरदार. खटका दाबताच चाकू हातातून सुटला आणि भिंतीवरच्या रेशमाच्या अळीच्या जीवनचक्राच्या तक्त्यात जाऊन रुतला, नेमका पतंगाच्या चित्रात. तक्ता अजून तिथेच आहे, भोक आहे. शेवटी त्यांना हवी तशी स्प्रिंग मिळाली ती गोदामातच, उंदराच्या सापळ्यात. त्यांनी एक सापळा मोडला. मग चुकली म्हणून दुसरा मोडला. राखण करायला बसवलेल्या माणसानं गोदामातले चारही सापळे मोडून काढले, आणि उंदीर वाढले. म्हणून ते घरून एक करडी मांजर घेऊन आले. ही मांजर पुढे कामाची ठरली, पण उंदरांसाठी नाही.

दिवाळी झाली आणि एका सकाळी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "चाल. परीक्षा घे."

हिवाळी पीक झाडावर होतं. खाली दोघांनी चादर धरली, मी बुंध्याशी उभी राहिले. ते वर गेले. डाव्या कोपरात फांदी, बोटांत डहाळी, तिच्यावर सात अळ्या. उजव्या हातानं करदोड्याचा चाकू काढला, अंगठ्यानं खटका दाबला. खट्. पातं बाहेर. दोन हलके कापे, डहाळी मोकळी, चाकू मांडीवर दाबून बंद. कोपर तसूभरही हललं नव्हतं. सातही अळ्या जागेवर. त्यांनी डहाळी खाली दिली आणि दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात ती नीट बसली.

मी म्हटलं, "झालं. पास. उद्यापासून झाड."

 ते फांदीला कान लावून बसले होते. मिनिट गेलं, दोन गेली. मग उतरले. चेहरा असा, की पुन्हा पडले की काय असं वाटावं.

"नापास," ते म्हणाले.

"कोण?"

"मी. तू पायलं नाई का? खट् झालं आन् पुऱ्या फांदीनं जेवण सोडलं. डोकी वर करून बसले सारे."

मला राग आला. पीक अंगावर आलेलं, माणसं कमी, आणि ज्याला मी झाडावर चढवायला तयार होते तोच नाही म्हणत होता. मी म्हटलं, "भाऊ, दोन मिनिटांनी खायला लागतील. काय फरक पडतो?"

"तू जेवाले बसली आन् कोणं तुया कानाखाली फटाका फोडला, त तुले काय फरक पडते?"

"मी दोन मिनिटांनी जेवीन."

"जेवशील. पण मायाबद्दल काय म्हणशील?"

 ते फळ्यापाशी गेले, खडू उचलला आणि गोदामाच्या रकान्यात स्वतःच्या हातानं आपलं नाव लिहिलं. अक्षर सुरेख होतं. मी पहिल्यांदा पाहत होते.

आता ऐका, पुढचे आठ महिने या माणसानं काय केलं. जगात लोक खटक्याचा चाकू झटकन उघडावा म्हणून बनवतात. हे तो सावकाश उघडावा म्हणून बसले. आपोआप तर उघडला पाहिजे, एका अंगठ्यानं, पण आवाज न करता आणि झटका न देता. फणसाच्या चिकापासून चपलेच्या रबरापर्यंत सगळं मुठीत भरून झालं. जानेवारीनंतर झाडावर अळ्याच नव्हत्या, मग आवाज गेला की नाही हे सांगणार कोण? मांजर. दुपारी ती कोशांच्या जाळीवर झोपली की हे तिच्या कानाशी चाकू धरून खटका दाबत. मांजरीचा कान हलला तर नापास. मी गोदामात गेले की दृश्य ठरलेलं असे. पोतं, पोत्यावर मांजर, मांजरीच्या कानाशी चाकू धरून श्वास रोखलेला म्हातारा. नवं कोणी आलं तर घाबरून मला बोलवायला यायचं.

एप्रिलमध्ये त्यांना मोहळाचं मेण सापडलं. म्हणजे मेण होतंच, ते मुठीत भरावं हे सापडलं. मेणातून वाट काढत पातं बाहेर येऊ लागलं, तीन मोजेपर्यंत, मुकाट, झोपेतून उठणाऱ्या माणसासारखं. मांजरीचा कान हलला नाही. ती उठून गेली ती भूक लागली म्हणून.

पण मेणाचं असं, की उन्हाळ्यात ते पातळ होतं आणि थंडीत दगड. त्यावरही त्यांची तजवीज होती. ऊन असलं तर झाडावर चढण्याआधी चाकू ओल्या फडक्यात ठेवायचा. गारठा असला तर काखेत धरून ऊब द्यायची. नागपूरचे तेच साहेब पुढच्या तपासणीला आले, त्यांनी हे कौतुकानं पाहिलं. चाकू सावकाश उघडताना बघून म्हणाले, "बाबा, याची स्प्रिंग ढिली झाली आहे."

"नाई," हे म्हणाले. "आदब शिकला तो."

श्रावणातल्या पिकावर दुसरी परीक्षा झाली. तेच झाड, तीच चादर. या वेळी मी आधीच बुंध्याला कान लावून उभी राहिले. वर काय चाललं आहे ते मला दिसत नव्हतं. सुपातल्या तांदळाचा तो आवाज येत होता. मी वाट पाहत होते की तो कधी थांबतो. थांबलाच नाही. मग माझ्या खांद्याला काहीतरी लागलं. डहाळी होती, अकरा अळ्या, आणि त्यातल्या दोघी कापलेल्या डहाळीवरची पानं खातच होत्या.

मी फळ्यापाशी गेले आणि नाव झाडाच्या रकान्यात लिहिलं. ते मागे उभे होते. म्हणाले, "मोठं लिव न जरा." मोठं लिहिलं. त्या दिवशी डबा रिकामा परत गेला, हे मी मुद्दाम पाहिलं.

एक अट मी घातली होती. खटक्याचा चाकू घेऊन बाजारात किंवा बसमध्ये फिरायचं नाही. या भागात नाक्यानाक्यावर पिशव्या तपासतात. सावकाश उघडतो हे पोलिसांना समजावत बसायला मला वेळ नाही. चाकू संध्याकाळी माझ्या खणात, सकाळी त्यांच्या करदोड्याला. त्यांनी ही अट चार वर्षं एकदाही न चुकता पाळली. म्हणून गुडघे गेले, जिने चढवेनात, आणि मुलानं त्यांना कायमचं घरी नेलं तेव्हा चाकू माझ्याच खणात राहिला. त्या दिवशी निरोपाचं काही झालं नाही. त्यांनी फांदीला कान लावला, मला म्हणाले, "जेवून राह्यले," आणि मुलाच्या गाडीवर बसले.

तर आज मी त्या चाकूत तेल घातलं. मेण विरघळून फडक्यावर आलं, पिवळं.

संध्याकाळी फोन केला. सुनेनं उचलला, म्हणाली बाबा ओसरीत दोरी वळून राह्यले. त्यांना फोन दिला. मी झालं ते सांगितलं.

 मग, "तेल?"

"दोन थेंब."

"कोणं सांगतलं तुले?"

"कोणी नाही. माझीच अक्कल."

"शिकली-सवरली बाई तू," ते म्हणाले. चाकू बिघडल्याचं दुःख आवाजात नव्हतं. उलट आवाज एकदम तरतरीत झाला होता. "आता कसा उघडते?"

"खट् करून."

"मंग काढून टाका लागंन सारं. पहिल्यापासून."

मी म्हटलं, चाकू पाठवते, घरी मेण भरून द्या.

"घरी? घरी कोण हाय सांगाले, बरोबर झालं का नाई म्हणून? झाडापाशी पाहा लागते. त्यायलेच इचारा लागते. पीक हाय न झाडावर?"

"आहे. उद्यापासून अळ्या हलवायच्या."

"मंग?"

इतक्यात सुनेनं फोन घेतला. "मॅडम, नका नेऊ बाबाले. झाड दिसलं का चढतेत. मांगच्या साली जांभळीवर चढले होते, उतरवाले अर्धा गाव जमा झाला. सरपंच शिडी घेऊन आले."

"मी चढू देणार नाही."

"तुमी तवा बी हेच म्हणलं होतं, मॅडम."

हे खरं होतं. मी म्हटलं, विचार करून सांगते. मागून त्यांचा आवाज येत होता, "काय म्हणते? काय म्हणते ते?"

फोन ठेवून मी हिशेबानं विचार केला. कात्र्या अकरा आहेत, साधे चाकू सहा, सगळ्यांना धार आहे. या चाकूवाचून कोणतंही काम अडत नाही. गुडघे गेलेल्या, एकदा पडलेल्या माणसाला आठ किलोमीटर गाडीवर आणायचं, रानात दिवसभर बसवायचं आणि संध्याकाळी परत सोडायचं. यात केंद्राचा काही फायदा नाही. हे मी स्वतःला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा बरोबर होतं. मग सुनेला फोन करून सांगितलं, सकाळी साडेसहाला तयार ठेवा, चहा इकडेच होईल. आणि स्वयंपाकघरातल्या डब्यात मोहळाचं मेण किती उरलं आहे ते पाहिलं.

११ सप्टेंबर. सकाळी सहाला मी केंद्रावर आले. गाडीच्या मागच्या सीटवर उशी दोरीनं घट्ट बांधली, जास्तीचं हेल्मेट घेतलं. निघण्याआधी फळा लिहिला. जमिनीवर तिघे, गोदामात एक. झाडाच्या रकान्यात पाच नावं, आणि सगळ्यांच्या वर, मोठ्या अक्षरात, त्यांचं. त्यापुढे कंसात लिहिलं: बुंध्याशी बसून. कंसातलं ते अंगठ्यानं पुसणार हे मला माहीत होतं, म्हणून पुन्हा लिहायला खडू गाडीच्या डिक्कीत टाकला आणि त्यांना आणायला निघाले.